मे महिन्यातली पारध

काल सकाळी चहा गाळत होतो, खिडकी थोडी उघडी होती, आणि मागच्या डोंगराच्या अंगानं तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून कुणी तो डबा उतारावरून सोडून द्यावा, तसा. एकदा आला, थांबला, मग पुन्हा. चहा गाळणीतच राहिला. रानटर्कीचा नर ओरडायला लागला की पेनसिल्व्हेनियातला वसंत खरा. त्याआधी कॅलेंडर काहीही म्हणो, इथे एप्रिलमध्येसुद्धा बर्फ पडून माणसाची थट्टा होते.

मे लागला की आमचं हे विद्यापीठाचं गाव, स्टेट कॉलेज, रिकामं होतं. विद्यार्थी खोल्या सोडून जातात, फुटपाथवर जुन्या गाद्या आणि टेबललॅम्प येऊन पडतात, कॅम्पसच्या बस रिकाम्या सीट घेऊन फिरतात. डॉगवुडची झाडं पांढरी होतात. हवेत ओल्या मातीचा आणि रानलसणाचा वास येतो. मी खुंटीवरून धनुष्य काढतो आणि दोरीला मेण चोळत बसतो. बायको म्हणते, त्या वेळी तुझा चेहरा भांडायला निघाल्यासारखा असतो. असेलही. माझं एक जुनं भांडण आहे आणि त्याची तारीख दर मे महिन्यात लागते.

तसे इथले वसंत मी बरेच पाहिले. पण मे म्हटलं की आठवतो तो एकच, पीएच.डी.च्या मधल्या वर्षांतला. तेव्हा आम्ही तिघं एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. सौरभ पुण्याचा, निखिल नागपूरचा, आणि मी अमरावती जिल्ह्यातला. तिघांत एक स्वयंपाकघर, एक प्रेशर कुकर, आणि भांडी कुणी घासायची यावरून रोजची एक चर्चा. सौरभ शाकाहारी. निखिल खाण्यात कशालाच नाही म्हणायचा नाही. त्याचे बाबा पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले, बदल्यांच्या गावांमधून त्याचं बालपण गेलेलं. मी राजेश पवार. पवार म्हटलं की पुढचं लोक स्वतःच भरून घेतात. कुणी मला जमिनीबद्दल विचारायचं, कुणी लग्नाच्या स्थळाबद्दल.

मी फासेपारधी आहे. आमच्यात पवार आहेत, भोसले आहेत, चव्हाण आणि काळेही आहेत. गाव संपतं, मग स्मशान लागतं, मग माळ लागतो, त्या माळावर आमचा बेडा, म्हणजे वस्ती. इंग्रजांनी आमच्या अख्ख्या जमातीला जन्मानंच गुन्हेगार ठरवलं होतं. पुढे इंग्रज गेले, तो कायदाही गेला. पोलिसांची सवय राहिली. तालुक्यात कुठेही घर फुटलं की पहाटे गाडी आमच्याकडे यायची. माझा बा तितर धरायचा. रानात पालथा पडून तोंडानं मादीचा आवाज काढायचा आणि नर चालत फाशात यायचा. मी फार लहान असताना हे दोन-चारदा पाहिलं. मग शिकारबंदीची भीती वाढली आणि बा मजुरीला लागला. फासे छपराच्या वाशात खोचून ठेवले, ते तिथेच राहिले.

डोना कॅम्पसची बस चालवायची. साठीकडे झुकलेली, केस मुलासारखे कापलेले, बोलणं मोजकं. माझा स्टॉप विद्यापीठाच्या शेताला लागून होता आणि सकाळच्या पहिल्या बसला बहुतेक मी एकटाच असायचो. आदल्या वसंतातली गोष्ट. शेताच्या कडेनं टर्कींचा कळप चालला होता. काळ्या-तपकिरी कोंबड्यांसारख्या माद्या, आणि मागे एक नर, छातीवर घोड्याच्या शेपटीसारखी केसांची दाढी लोंबत असलेला. मी बसची वाट पाहत होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, मी तोंडापाशी हात धरला आणि बासारखा तितराचा आवाज काढला. नरानं मान ताठ केली आणि गडगडून उत्तर दिलं. मी पुन्हा काढला. त्यानं पुन्हा दिलं.

बस येऊन उभी राहिली होती. डोनानं दार उघडलं आणि विचारलं, "ते तू केलंस?"

"हो."

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"काय करतात ते?"

या प्रश्नाला माझ्याकडे एक तयार उत्तर होतं, 'शेती'. बारावीपासून तेच वापरत होतो. त्या सकाळी ते तोंडात आलंच नाही. मी म्हणालो, "ही इज अ हंटर."

"माझेही होते," डोना म्हणाली, आणि तिनं बस सुरू केली.

मी मागच्या सीटवर जाऊन बसलो तेव्हा माझे कान तापले होते. हंटर. किती स्वच्छ शब्द. त्याला कुठेही हात लावा, बोटाला काही लागत नाही. हाच शब्द मी मराठीत उच्चारला असता तर त्याच्यामागून पोलीस पाटील, पंच, तारेचं कुंपण आणि शाळेतलं वेगळं बसकर हे सगळं ओळीनं चालत आलं असतं. भाषा बदलली म्हणून बाप बदलत नाही. पण मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की शब्दाला घाण दुसऱ्यांनी लावलेली असते.

नंतर डोनानंच समजावलं, की वसंतात नर टर्की कशालाही उत्तर देतो. घुबडाला देतो, गाडीचं दार आपटलं तरी देतो. म्हणजे मी काही चमत्कार केला नव्हता. मला उलट बरं वाटलं. ती म्हणाली, उत्तर देणं सोपं, चालत येणं अवघड. तो चालत यायला हवा असेल तर मादीसारखं बोलावं लागतं. शिकायचंय का, असं तिनं विचारलं. मी हो म्हणालो. बंदूक मात्र नको, हेही सांगितलं. बंदुकीशी माझी लहानपणीच ओळख झाली होती, पण नळीच्या दुसऱ्या बाजूनं. डोना म्हणाली, चालेल, मीही धनुष्यच वापरते.

मग एक अख्खा हिवाळा गेला. डोनाचं जुनं धनुष्य माझ्या हाती आलं, टोकांना छोटी चाकं असलेलं, लोखंडासारखं जड. पहिल्या दिवशी ते मला ताणताच आलं नाही. पुढचे कित्येक आठवडे दोरी सुटताना डाव्या हाताच्या आतल्या बाजूला अशी फटकारायची, की तिथे वांग्याच्या रंगाचा पट्टा उमटायचा. बाण गवताच्या गठ्ठ्यात सोडून बाकी सगळीकडे जायचे. एक डोनाच्या भावाच्या कोठाराच्या दारात रुतला. तो अजून तिथेच आहे असं म्हणतात. शिकाऱ्यांसाठीचा सुरक्षिततेचा वर्ग केला. तिथे शेजारी बसलेली मुलं माझ्या निम्म्या वयाची होती. संध्याकाळी लॅबमधून परतताना फोनवर टर्कीच्या मादीचे आवाज ऐकायचो, आणि बर्फातून चालताना, आजूबाजूला कुणी नाही हे बघून, घशात ते घोळवायचो. कित्येक दिवस माझी मादी दमेकऱ्यासारखी वाटायची.

बाला फोनवर सांगितलं. आमची आपसातली बोली वेगळी, मराठीच्या अक्षरांत ती नीट बसत नाही, म्हणून बाचं बोलणं वऱ्हाडीत लिहितो.

"फासा लावू देतेत काय तिथं?" बानं विचारलं.

"नाही. धनुष्य चालतं."

"धनुष्य आपलं नाय. आपला फासा." मग म्हणाला, "आन पोलीस?"

"पोलीस काही म्हणत नाहीत बा. परवाना आहे."

"परवाना," बा म्हणाला, जसा एखादा नवा पदार्थ चाखून बघावा तसा. "कायचा परवाना? लपाचा?"

मी हसलो. बा हसला नव्हता.

त्या वर्षीच्या महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम एका बागेतल्या छपराखाली झाला. इथे मराठी घरं थोडी, त्यामुळे विद्यार्थ्यांनाही प्रेमानं बोलावतात. खरे काका-काकूंच्या पुढाकारानं सगळं व्हायचं. काका निवृत्त प्राध्यापक. काकूंनी आम्हा पोरांना कितीतरी वेळा डबे भरून दिलेले. गाणी झाली. मुलं गवतात इंग्रजीत भांडत होती. बटाटेवडे झाले, पुरणपोळ्या निघाल्या, आणि मोठी माणसं गावाकडच्या गोष्टींवर आली. कुणीतरी गावच्या घरी झालेल्या चोरीचं काढलं. मग निखिलला चेव आला.

निखिल गोष्ट छान सांगायचा. बाबा यवतमाळकडे असतानाची गोष्ट. पहाटे पारधी बेड्यावर छापा. "गाड्यांचे लाइट बंद, यार. एकदम सायलेंट. बाबांनी शिटी मारली की सगळे एकदम. आणि मग जी पळापळ! बाया ओरडतायत, आणि ती पोरं, उघडीनागडी, तुरीच्या शेतात अशी घुसतात ना, उंदरांसारखी. बाबा म्हणायचे, ट्रेनिंगच असतं त्यांना जन्मापासून."

लोक हसले. सगळेच दुष्ट हसू हसले असं नाही. गोष्ट रंगली होती म्हणून हसले. माझ्या हातात पुरणपोळीची प्लेट होती. ती मी बाकावर ठेवली.

"मी होतो त्या पोरांत," मी म्हणालो.

निखिल हसत माझ्याकडे वळला. त्याला वाटलं, मी गोष्टीत भर घालतोय.

"तुझ्या बाबांच्या गाडीपुढे नाही, दुसऱ्या कुणाच्या. पण तुरीचं शेतच होतं. मी फासेपारधी आहे. ट्रेनिंग कुणी दिलं नव्हतं, निखिल. आई ओरडली, पळ, म्हणून पळालो. संध्याकाळी परत आलो तर बाला घेऊन गेले होते. चोरी दुसऱ्याच कुणी केली ते पुढे कळलं. बा दुसऱ्या आठवड्यात घरी आला, लंगडत."

दूर गवतातल्या मुलांचं 'दॅट्स नॉट फेअर' तेवढं ऐकू येत होतं. काकूंनी डाव हातात धरला होता, तो तसाच. मग त्या म्हणाल्या, "जेवून घ्या रे सगळे, गार होतंय."

नंतर खरे काका मला बाजूला घेऊन गेले. माणूस वाईट नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राजेश, आम्ही कुणी असलं काही मानत नाही, तुला ठाऊक आहे. पण हे आज इथे सांगायची गरज होती का?"

"काका, गोष्ट मी काढली नव्हती," मी म्हणालो. "मी फक्त ती पुरी केली."

त्यानंतर निखिल माझ्याशी बोलेना. दोघं एकाच सिंकपाशी उभे राहायचो आणि नळाचा आवाज ऐकायचो. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. आवाज हळवा होता. म्हणाल्या, "तू येत जा हो नेहमीसारखा. फक्त तो विषय नको काढू सगळ्यांसमोर. लोकांना अवघडल्यासारखं होतं."

"काकू, मी येईन. पण विषय घरी ठेवून मला येता येणार नाही. तो आणि मी एकाच कातडीत राहतो."

त्या "बरं," म्हणाल्या.

शनिवारी उजाडायच्या आत डोनानं मला तिच्या पिकअपमधून भावाच्या रानाशी सोडलं. माझ्याकडे गाडी नव्हती. म्हणाली, मी रस्त्याच्या कडेला कॉफी पीत बसते, घाई करू नकोस.

पहाट ही वेळ मला कधीच आवडली नव्हती. लोक तिच्याविषयी कायकाय लिहितात, कोवळी म्हणतात, पवित्र म्हणतात. आमच्याकडे पहाट म्हणजे इंजिनाचा आवाज. माझी आई पहाटे झोपेतसुद्धा एक कान उघडा ठेवायची. हॉस्टेलमध्ये, मग पुण्यात, मग इथे, पहाटे जाग आली की मी आधी दाराकडे बघायचो. आणि आता त्याच वेळी मी आपणहून ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो होतो. पुढे काळ्या-हिरव्या कापडाचा आडोसा, मांडीवर धनुष्य, तोंडाला जाळी. मी लपलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा कुणापासूनही नाही, कुणासाठी तरी. ओली पानं बुडाखाली थंड लागत होती. नेचे मुठी वळून उभे होते, अजून उघडायचे होते. पांढरी ट्रिलियमची फुलं अंधारातून आधी दिसायला लागली, मग झाडांचे बुंधे, मग माझे स्वतःचे हात. दूर घुबड बोललं, आणि वरच्या फांद्यांतून त्याला उत्तर आलं. खड्यांचा डबा उतारावरून सुटला.

बाचा प्रश्न आठवला, लपायचा परवाना का. हो बा. लपायचासुद्धा.

मी हळूच मादीचा आवाज काढला. हिवाळाभर घोळवलेला. वरून उत्तर. मग पंखांचा जड फडफडाट. रात्र झाडावर काढलेले पक्षी खाली उतरले. त्यानंतर बराच वेळ काही नाही. टर्कीची नजर अशी, की पापणी हलली तरी तिला कळते. बंदूकवाल्याला नुसतं बोट हलवायचं असतं. धनुष्यवाल्याला अख्खा हात मागे खेचावा लागतो, आणि तोही पक्षी बघत नसताना. मी पुन्हा बोलावलं, या वेळी अगदी बारीक, जणू मादी रुसून दुसरीकडे वळलीय. आणि तो आला. आधी नेच्यांमागून डोकं, लाल, निळं आणि पांढरं. मग पूर्ण पिसारा फुलवलेला, पंखांची टोकं पानांतून फरफटवत, लग्नाच्या वरातीतल्या नवरदेवासारखा. त्याच्या पाठीवर ऊन पडलं आणि काळा समजत होतो तो पक्षी तांब्याचा झाला.

तो वळला. पिसाऱ्याचा पंखा माझ्याकडे आणि डोकं पलीकडे. मी दोरी ओढली. खांद्यात जुनी कळ उठली. तो परत वळेपर्यंत दोरी तशीच धरून राहिलो. मग सोडली.

तो दोन पावलं गेला आणि बसल्यासारखा पडला. पंख एकदा पानांवर आपटले. मी जवळ गेलो तेव्हा सगळं थांबलं होतं. पिसं गरम होती. बा मेलेल्या तितरावरून हात फिरवायचा, पिसं बसतात त्या दिशेनं, तसाच मी फिरवला. वाईट वाटलं. आनंदही झाला. दोन्ही एकाच वेळी होतात, आणि ज्यांना ते खोटं वाटतं त्यांनी बाजारातून स्वच्छ गुंडाळलेली कोंबडी आणताना आपल्याला काय वाटतं ते एकदा स्वतःला विचारावं.

पक्ष्याच्या पायाला परवान्याबरोबर मिळालेला टॅग बांधला, पक्षी खांद्यावर टाकला आणि रस्त्याकडे निघालो. पिकअपच्या मागे हिरवट रंगाची एक सरकारी गाडी उभी होती. तिच्यापाशी गणवेशातला माणूस. कमरेला पिस्तूल. वन्यजीव खात्याचा अधिकारी, गेम वॉर्डन. डोनाशी काहीतरी बोलत होता.

माझे पाय थांबले. डोकं म्हणत होतं, तुझ्याकडे सगळे कागद आहेत. गुडघे म्हणत होते, पळ. मागे झाडी होती, दाट. आईचा आवाज इतका स्पष्ट आला की मी एक पाऊल मागे टाकलंही. खांद्यावरच्या पक्ष्याचं डोकं पाठीवर हलत होतं. मग मी त्याच पायानं पुढे चालायला लागलो. पळालो नाही. माझ्या घराण्यात गणवेशाच्या दिशेनं आपल्या पायांनी, खांद्यावर शिकार घेऊन, दिवसाउजेडी चालत गेलेला मी पहिलाच असेन.

"लायसन्स?" त्यानं विचारलं.

'साहेब' हा शब्द जिभेवर आला होता, तो दातांशी अडवला. खिशातून काढून लायसन्स दिलं. त्यानं बघितलं, टॅग बघितला, पक्ष्याच्या छातीवरची दाढी बघितली, पायाची नखी अंगठ्यानं चाचपली. "सुंदर पक्षी आहे," म्हणाला. "धनुष्यानं? अभिनंदन." आणि हात पुढे केला.

मी हात मिळवला. हा देश इथल्याच कितीतरी माणसांना असला गणवेश दिसताच हात वर करायला लावतो, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे. या डोंगरांतून ज्या मूळ रहिवाशांना हाकललं त्यांच्याकडे बाणच होते, हेही. त्यामुळे मी उपकार मानले नाहीत. मला जे मिळालं ते माझ्या बाला मिळायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. पण एक गोष्ट केली. त्याला विचारलं, "तुमच्याबरोबर एक फोटो काढू?" त्याला जरा नवल वाटलं. तो माझ्या शेजारी उभा राहिला, डोनानं माझ्या फोनवर फोटो काढला. मी पक्षी पायांनी वर धरला आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

घरी आलो, ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि साफसफाईला लागलो. सौरभ दारात आला, बघितलं, म्हणाला, "यार, मी हे बघू शकत नाही," आणि खिडकी उघडून गेला. थोड्या वेळानं निखिल आला. फ्रिजला टेकून उभा राहिला.

"बाबांना फोन केला होता," तो म्हणाला. इतक्या दिवसांतलं त्याचं पहिलं वाक्य.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, रूम बदल." तो थांबला. "म्हणाले, सामान तपासून घे."

मी सुरी खाली ठेवली नाही. तंगडी सांध्यातून मोकळी केली.

"तपासलंस?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग ओट्याखालची टोपली पुढे ओढली. "कांदा इथेच असतो ना?" म्हणाला.

त्यानं कांदा चिरला, बारीक, वेळ घेऊन. आईनं पाठवलेला सावजी मसाला कपाटाच्या मागून काढला, जो तो एरवी कुणाला हात लावू द्यायचा नाही. रानटर्कीची तंगडी चिवट, कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत गेल्या. जेवायला तिघंही बसलो. सौरभनं स्वतःपुरता वरणभात घेतला आणि आमच्या समोर बसून खाल्ला. ते त्याच्या हिशेबानं सोपं नव्हतं. निखिलला घाम फुटला होता. दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेताना तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "पण काहीही म्हण यार, हे तुझ्या रक्तातच असणार."

मी हात थांबवला. "रक्तात काही नसतं, निखिल. हे बघ." बाही वर करून हातावरचा डाग दाखवला. "अख्खा हिवाळा लागलाय मला. बाण कुठे कुठे गेले ते डोनाला विचार. धनुष्य तर आमचं हत्यारसुद्धा नाही. तुझे बाबा हेच म्हणायचे ना? चोरी रक्तात असते. म्हणून पहाटे गाडी निघायची. तू चांगल्या मनानं म्हणालास, मला कळतं. पण वाक्य तेच आहे. ते मला नको."

तो "ओके," म्हणाला. मग, "सॉरी" म्हणेल असं वाटलं, पण म्हणाला नाही. मीही त्याला माफ-बिफ केलं नाही. आज तो पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूला असतो, मोठा पगार आहे, दिवाळीला फोन करतो, बाबांची तब्येत सांगतो. मी ऐकून घेतो. मैत्री म्हणजे सगळं मिटलेलं असतं असं कोण म्हणतं.

त्यानंतर कितीतरी मे आले. इथल्या मराठी मंडळातले काहीजण अजून माझ्याकडे जेवायला येत नाहीत आणि कारण पक्ष्यांवरच्या प्रेमाचं सांगतात. काहीजण येतात. गेल्या वर्षी खरे काकू आल्या, खाल्लं नाही, पण माझ्या मुलीच्या शेजारी बसून तिच्याकडून पिसांची नावं विचारून घेतली. मुलीनं इंग्रजीत सांगितली. शेवटी म्हणाली, "माय ग्रँडफादर इज अ हंटर टू." काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. तेव्हा त्या मुलीला म्हणाल्या, "हो का? मग त्यांना मराठीत पारधी म्हणतात. म्हणून बघ." मुलीनं म्हटलं. काकूंनी तिचा उच्चार सुधारला.

त्या शनिवारी संध्याकाळी मी तो फोटो बाला पाठवला होता. आठवडाभर काहीच उत्तर नाही. मग त्याचा फोन आला, आवाज मोठा, मागे बेड्यातली पोरं ओरडत असलेली.

"काल आल्ते," बा म्हणाला. "दोन शिपाई. कोनाची तरी मोटर गेली म्हने इहिरीवरची. तुयी पोरं कुठं हायेत म्हनून मले विचारत होते."

"मग? काही केलं का त्यांनी?"

"करतेत काय? म्या फोन काढला. म्हनलं साहेब, हा पाहा, माहा पोरगा. पारध केली त्यानं. हा पक्षी, हा तो, आन हा त्याच्या बाजूले पोलीस उभा." बा दम घ्यायला थांबला. "म्हनलं, लिहून घ्या. गुन्हा कबूल हाय. जा, घेऊन या त्याले."